दम आधी परततो, नडगी मागून येते

पत्र: मी ४७ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी मुलीबरोबर ‘काऊच टू फाइव्ह के’ हा नवशिक्यांसाठीचा नऊ आठवड्यांचा पळण्याचा कार्यक्रम सुरू केला होता. पाचव्या आठवड्याच्या शेवटी २० मिनिटं न थांबता पळाले, तेव्हा घरी येऊन आनंदाने रडले. सहावा आठवडा सुरू झाला आणि वडील आजारी पडले. त्यानंतर जवळजवळ वीस महिने बूट कपाटातच राहिले. चार महिन्यांपूर्वी वडील गेले. मुलगी मात्र थांबली नाही, ती आता १० किलोमीटर पळते. मी दीड महिन्यापूर्वी पुन्हा अ‍ॅप उघडलं आणि जिथे सोडलं होतं तिथूनच, म्हणजे सहाव्या आठवड्यापासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी जीव नुसता घाबराघुबरा झाला. तरी रेटलं. दहा-बारा दिवसांत दम बराच सुधारला, पण दोन्ही नडग्या आतल्या बाजूने इतक्या दुखायला लागल्या की जिना उतरताना कठड्याला धरावं लागे. आता तीन आठवडे पळणं बंद आहे. मुलगी म्हणते, “आई, पहिल्या आठवड्यापासून कर.” मला ते फार जड जातंय. एकदा पास झालेली इयत्ता पुन्हा बालवाडीपासून? की माझे पायच आता पळण्याचे राहिले नाहीत? मधल्या काळात रक्तदाबाची गोळीही सुरू झाली आहे.

उत्तर:

ताई,

वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तुम्ही ते एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण इतके महिने घरातलं आजारपण काढणं म्हणजे काय, हे ज्याने काढलंय त्यालाच कळतं. अपुरी झोप, वेळी-अवेळी जेवण, दवाखान्यात तासन्‌तास बसून राहणं, आणि मनावर सततचा ताण. पळणं सुटलं हा त्यातला फार छोटा भाग. तुमचं शरीर या सगळ्यातून गेलंय, म्हणून पुन्हा सुरुवात करताना त्याचाही हिशेब धरायला हवा.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं. दहा-बारा दिवसांत दम सुधारला, पण नडग्या दुखायला लागल्या. मोठ्या खंडानंतर पळायला परतणाऱ्या बहुतेकांची गोष्ट या एका वाक्यात आहे, आणि तुमचं उत्तरही त्यातच दडलंय.

पळणं थांबवलं की सगळ्यात आधी दम जातो. रक्तातला पातळ द्रव भाग, म्हणजे प्लाझ्मा, व्यायामाने वाढलेला असतो. व्यायाम थांबल्यावर तो पहिल्या काही दिवसांतच कमी व्हायला लागतो. मग हृदयाच्या एका ठोक्यात कमी रक्त बाहेर पडतं आणि तेवढ्याच कामासाठी ठोके वाढतात. तुम्हाला पहिल्याच दिवशी जीव घाबरा झाल्यासारखं वाटलं, त्यामागे हे मोठं कारण आहे. पण हाच प्लाझ्मा पुन्हा व्यायाम सुरू केल्यावर आठ-पंधरा दिवसांत वाढूही लागतो. दम आधी जातो तसा आधी परततोही.

हाडांचं तसं नाही. नडगीच्या हाडावर नव्याने भार पडायला लागला की शरीर तिथलं जुनं हाड आधी थोडं पोखरून काढतं आणि मग त्या जागी नवं, जास्त मजबूत हाड भरतं. पोखरण्याचं काम काही आठवड्यांत होतं, भरायला मात्र काही महिने लागतात. म्हणजे मधल्या काळात, साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या आसपास, ते हाड तात्पुरतं जास्त नाजूक असू शकतं. नेमकं तेव्हाच दम चांगला झालेला असतो, मनाला हुरूप आलेला असतो, आणि आपण वेग वाढवतो. स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडराही अशाच सावकाश बदलतात. छाती म्हणते चल, नडगी म्हणते थांब, आणि छातीचा आवाज मोठा असल्यामुळे आपण तिचं ऐकतो.

तुमच्या बाबतीत आकडेच बघू. सहाव्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी पाच मिनिटं पळणं, तीन चालणं, आठ पळणं, तीन चालणं, पुन्हा पाच पळणं असतं. म्हणजे एकूण १८ मिनिटं पळणं. पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळणं आणि ९० सेकंद चालणं असं आठ वेळा, म्हणजे पळणं फक्त ८ मिनिटं. मिनिटाला १६० पावलं धरली, तर १८ मिनिटांत प्रत्येक पाय जवळजवळ साडेचौदाशे वेळा जमिनीवर पडतो, आणि दर वेळी शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार झेलतो. ८ मिनिटांत हाच आकडा साडेसहाशेच्या आत राहतो. वीस महिने ज्या नडगीने यातलं एकही पाऊल झेललं नव्हतं, तिला तुम्ही पहिल्याच दिवशी साडेचौदाशे दिलीत. तुमचे पाय बिघडलेले नाहीत. त्यांच्यावर एकदम जास्त टाकलं गेलं, आणि ते त्यांनी दुखून सांगितलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी स्वतः एकदा चौदा महिन्यांच्या खंडानंतर परतले, तेव्हा पहिला आठवडा चालण्यात घालवला आणि लगेच पाचव्या आठवड्यावर गेले, कारण दम होता. सतराव्या-अठराव्या दिवशी नडगी धरली. फिजिओकडे गेले तेव्हा त्यांनी मला पाय सोडून बसवलं आणि अंगठा नडगीच्या आतल्या कडेवर ठेवून घोट्यापासून वर वर दाबत नेला. चार बोटांच्या लांबीएवढा भाग हुळहुळत होता, एका ठिकाणी बोट ठेवून ‘इथेच’ असं म्हणता येत नव्हतं. “हे चांगलं लक्षण आहे,” त्या म्हणाल्या. त्यामागचं कारण तुम्हालाही कळायला हवं.

आज संध्याकाळी तुम्हीही तसंच दाबून बघा. नडगीच्या आतल्या कडेवर, खालच्या अर्ध्या भागात, लांबवर पसरलेलं दुखणं असेल, तर ते बहुतेक ‘शिन स्प्लिंट’ म्हणतात ते असतं. विश्रांती आणि कमी भार मिळाला की ते शांत होतं. पण नाण्याएवढ्या एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल, रात्री अंथरुणात ठणकत असेल, किंवा त्या एका पायावर उडी मारल्यावर त्याच जागी टोचत असेल, तर पळण्याचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. हाडाला बारीक चीर पडायला लागल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी सुरुवातीचा एक्स-रे अनेकदा साफ येतो, म्हणून एक्स-रेत काही नाही एवढ्यावर समाधान मानू नका. तुमचं वय ४७ आहे, म्हणून एक जास्तीची गोष्ट. पाळी थांबण्याच्या आसपास इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं विरळ व्हायला लागतात. पाळी अनियमित झाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. पळण्याशी त्याचा काय संबंध, असं वाटून बायका हे सांगत नाहीत. संबंध आहे.

डॉक्टरांकडे तुम्हाला तसंही जायचंच आहे, त्या गोळीसाठी. रक्तदाब आहे म्हणून पळू नये असं नाही. नियमित व्यायामाने तो कमी व्हायला मदतच होते. पण पळायला सुरुवात करण्याआधी दाब आटोक्यात आहे ना, हे बघून घ्या आणि गोळी कुठल्या प्रकारची आहे ते विचारा. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके ती मुद्दाम कमी ठेवते. मग मनगटावरच्या घड्याळातला ठोक्यांचा आकडा तुमच्या श्रमाबद्दल काहीच सांगणार नाही. आकडा कमी दिसतोय म्हणून जोर वाढवण्याची चूक अशा वेळी सहज होते. आणि पळताना छातीत दाब किंवा दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी, ठोके चुकल्यासारखे वाटणं, यातलं काहीही झालं तर तिथेच थांबायचं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं. चालून बरं वाटलं म्हणून पुढच्या आठवड्यावर ढकलायचं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. हो, पहिल्या आठवड्यापासून. मुलगी बरोबर सांगते आहे.

तुम्हाला ते का जड जातंय, हे मला कळतं. ते २० मिनिटांचं पळणं तुमच्यासाठी फार मोठं होतं, आणि पहिल्या आठवड्यापासून सुरू करणं म्हणजे ते पुसून टाकणं असं वाटतंय. पण तुम्ही शिकलेलं पुष्कळ काही शिल्लक आहे. पहिल्या तीन मिनिटांत सगळ्यांनाच नको वाटतं आणि मग ते ओसरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पळताना श्वास कसा बसतो ते माहीत आहे. कंटाळा आणि खरी दमणूक यांतला फरक कळतो. अगदी नवी बाई यासाठी पाच आठवडे घालवते. तुमची नडगी तेवढी नवखी झाली आहे, आणि पहिला आठवडा तिच्यासाठी आहे.

एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. हा कार्यक्रम जॉश क्लार्क या अमेरिकन तरुणाने १९९६ मध्ये तयार केला तो मुळात स्वतःच्या आईसाठी. ती तेव्हा पन्नाशीत होती आणि पळणारी नव्हती. ते ६० सेकंद आणि ९० सेकंद एका आईचा विचार करून ठरवलेले आहेत. मला हे फार आवडतं, आणि मुलीबरोबर सुरुवात करणाऱ्या तुम्हालाही आवडेल असं वाटलं.

सुरुवात मात्र लगेच नको. आधी नडगी शांत होऊ द्या. रोज अर्धा तास झपझप चालून, त्या वेळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही काही दुखलं नाही, असे सलग सात-आठ दिवस गेले, की जागच्या जागी एका पायावर दहा हलक्या उड्या मारून बघा. मग दुसऱ्या पायावर. काहीच कळ आली नाही तर पहिला आठवडा सुरू करा. आली तर आणखी आठवडाभर चाला. या चालण्याला वाया गेलेले दिवस समजू नका.

मग आठवड्यातून तीन दिवस, मध्ये किमान एक दिवस मोकळा. हे तीन दिवस सलग उरकून टाकायचा मोह होतो, विशेषतः कामाच्या धबडग्यात. ते करू नका. हाड आणि कंडरा स्वतःची डागडुजी करतात ती मधल्या दिवशी. पहिले तीन आठवडे तुम्हाला कंटाळवाणे वाटतील. दुसऱ्या आठवड्यात तर चक्क वाटेल की हे आपल्याला हसत जमतंय, दोन आठवडे गाळावेत. मी इथे जरा कडकपणे सांगते: पहिल्या चार आठवड्यांतला एकही आठवडा गाळायचा नाही. जड गेला तर खुशाल परत करायचा, दोनदा, तीनदा. पुढे जाण्याचा निर्णय दमावरून घेऊ नका, नडगीवरून घ्या. पळताना दहापैकी दोन-तीन इतकं कुरकुरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरताना गेलेलं असेल, तर चालेल. सकाळीही तेवढंच असेल, किंवा आदल्या वेळेपेक्षा जास्त असेल, तर तो आठवडा पुन्हा.

हे असं स्वतःकडे बघून ठरवायला सांगते, त्याला कारण आहे. नेदरलँड्समध्ये नवशिक्या धावकांवर झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला आठ आठवड्यांचा नेहमीचा कार्यक्रम दिला, दुसऱ्याला तेरा आठवड्यांचा, आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढ नाही असा. दोन्ही गटांत दुखापतीचं प्रमाण जवळजवळ सारखंच निघालं, साधारण पाच जणांमागे एक. म्हणजे तक्ता नुसता लांबवला की झालं, असं नाही. तक्ता कुणी तरी सगळ्यांसाठी लिहिलेला असतो. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकताना जे कळतं, ते त्यात कुठून असणार?

वेगाबद्दल. तुम्ही लिहिलं नाही, पण मला दाट शंका आहे की तुम्ही त्या जुन्या २० मिनिटांच्या वेगाने पळायला गेलात. पळताना एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘हो’ किंवा ‘बरं’ नव्हे, अख्खं वाक्य. ते येत नसेल तर वेग कमी करा, अगदी शेजारून चालणारा माणूस तुमच्या बरोबरीने येईल इतका. तरी ते पळणंच असतं. पावलं छोटी ठेवा आणि पाऊल शरीराच्या फार पुढे टाकू नका. लांब टांग टाकली की टाच दूर पुढे आपटते आणि त्याची किंमत नडगी आणि गुडघा मोजतात.

सुरुवातीची पाच मिनिटं चालणं कधीही गाळू नका. पळण्याआधी उभ्या उभ्या पोटऱ्या ताणून धरण्याची सवय असेल तर ती सोडली तरी चालेल. त्याने दुखापत टळते असं दिसलेलं नाही. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, न पळण्याच्या दिवशी, भिंतीला हात लावून टाचा वर उचला. आधी दोन्ही पायांवर, काही आठवड्यांनी एकेका पायावर. निम्म्या वेळा गुडघा सरळ ठेवून आणि निम्म्या वेळा थोडा वाकवून. गुडघा वाकवला की पोटरीच्या आत खोलवर असलेला सोलियस हा स्नायू जास्त काम करतो, आणि पळताना मोठा भार तोच उचलतो. एका पायावर सावकाश वीस वेळा जमायला लागेल, तेव्हा समजा की पोटरी तयार होत आली. नडगीच्या दुखण्यात पोटरीकडे लक्ष द्यायचं अनेकांच्या डोक्यातच येत नाही.

आणि तो कुप्रसिद्ध पाचवा आठवडा. तुम्ही तो एकदा केलाय, त्यामुळे आठवत असेल. दुसऱ्या दिवशी आठ मिनिटं पळणं, पाच चालणं, आठ पळणं. आणि त्याच्या पुढच्याच वेळेला २० मिनिटं सलग. पहिल्यांदा करणाऱ्याला ही उडी मनाचं बळ देते, ते खरं आहे. पण परतणाऱ्याने ती मारू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला आपण २० मिनिटं पळू शकतो हे सिद्ध करायची गरजच नाही, ते झालंय. तिथे मधे एक जास्तीचा आठवडा घाला: दहा मिनिटं पळणं, दोन चालणं, दहा पळणं, मग बारा, दोन, आठ, मग पंधरा, एक, पाच. त्यानंतर २०. असे मधे थांबत थांबत नऊ आठवड्यांचे बारा होतील, कदाचित चौदा होतील. मधे चालणं ही कमीपणाची गोष्टही नाही. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेकडून १० हजार मीटर पळालेले जेफ गॅलोवे १९७० च्या दशकापासून लोकांना ठरवून चालत-पळत जायला शिकवत आले, आणि त्या पद्धतीने असंख्य लोकांनी मॅरेथॉन पूर्ण केल्या आहेत.

बुटांचं बघायला हवं. दोन वर्षांपूर्वीचे, म्हणजे फार पळालेले नसतील. पळण्याच्या बुटाचं आयुष्य साधारण ५०० ते ८०० किलोमीटर धरतात, पण नुसतं कपाटात पडूनही तळव्याचा फोम कडक होतो आणि चिकटवलेलं सुटतं. बूट टेबलावर ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली आहे का. तळव्यात अंगठा दाबून बघा, फोम दबून परत वर येतो का. शंका वाटली तर नवे घ्या, आणि घेताना घालून जरा पळून बघा. पायाला जो सगळ्यात आरामशीर वाटेल तो. बाकी तांत्रिक वर्णनांवर मी फार विश्वास ठेवत नाही.

राहिली मुलगी. तिच्याबरोबर पळायचंय हे तुमच्या पत्रात कुठेही लिहिलेलं नाही, पण प्रत्येक ओळीत आहे. सध्या पळण्याचे टप्पे तिच्याबरोबर करू नका. ती कितीही सावकाश पळाली तरी तुम्ही तिच्या पावलांशी पाऊल जुळवायला जाल, आणि वाक्य बोलता येणार नाही. तिला सुरुवातीच्या पाच मिनिटांच्या चालण्याला बोलवा. मग ती तिच्या वाटेने, तुम्ही तुमच्या. तुमचे शेवटचे पाच मिनिटं चालणं तिच्या परत येण्याच्या वेळेशी जुळलं तर उत्तमच. आजोबांबद्दल बोलायलाही ती दहा मिनिटं चांगली आहेत.

अ‍ॅपमध्ये जुन्या आठवड्यांपुढे खुणा असतील. त्या पुसू नका. नवा कार्यक्रम वहीत लिहा. तारीख, किती मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नडगी कशी होती. ही तिसरी नोंद दुसऱ्या दिवशीच लिहायची, रात्री अंदाजाने नाही. चौथा आठवडा झाला की ती वही समोर घेऊन मला पुन्हा लिहा, म्हणजे पाचव्या आठवड्याचं नीट ठरवता येईल.